डाइव्हचं लॉगबुक: समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी ते का आणि कसं लिहावं

नाशिकहून मालवण-तारकर्लीला जाऊन ‘स्कूबा केलं’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी प्रशिक्षकाचा हात धरून पाच-सात मीटरवर मासे बघितलेले असतात. ती मजा खरीच आहे, पण तिथे सगळे निर्णय प्रशिक्षकाचे असतात. कमरेला किती वजन लावायचं, किती खोल न्यायचं, केव्हा वर आणायचं, हे तो ठरवतो. ज्यांनी त्यापुढे जाऊन कोर्स केला, कार्ड मिळवलं आणि बडीबरोबर, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराबरोबर, स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरायला सुरुवात केली, त्यांच्यावर हे निर्णय येऊन पडतात. त्यासाठी लागणारी निम्मी माहिती कोर्सच्या पुस्तकात असते. उरलेली निम्मी कुठेच छापलेली नसते, कारण ती आपल्या स्वतःच्या शरीराची असते. मी किती हवा वापरते, किती वजनावर तरंगते, माझा कुठला कान किती मीटरवर अडतो. ही माहिती साठवायची जागा म्हणजे डाइव्ह लॉग, प्रत्येक डाइव्हनंतर भरायची नोंदवही.

आपल्याला तिची गरज जास्त आहे. अंदमानात किंवा मुरुडेश्वरला राहून रोज पाण्यात जाणाऱ्याच्या हातालाच सगळं माहीत असतं. आपलं तसं नाही. कोकणचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. त्यात सुट्ट्या, मुलांच्या परीक्षा, ऑफिस सांभाळून जमेल तेवढं जायचं, मग पावसाळ्यात समुद्र बंद. मधे सात-आठ महिने गेले की ‘मागच्या वेळी वजन किती होतं?’ या साध्या प्रश्नालाही उत्तर सापडत नाही आणि बोटीवर अंदाजाने कारभार सुरू होतो.

कोऱ्या लॉगबुकात रकाने खूप असतात आणि ते बघून नवखा माणूस कंटाळतो. म्हणून माझ्या वहीतलं एक पान इथे उतरवते. ‘मालवणजवळचा खडक, बोटीवरून. आत ९:४०, बाहेर १०:२०. जास्तीत जास्त खोली १४ मीटर, सरासरी १०. सिलिंडर अॅल्युमिनियम ११.१ लिटर, सुरुवातीला २०० बार, शेवटी ७०. सूट ३ मिलिमीटर, वजन ६ किलो, शेवटी ५ मीटरवर थांबताना बरोबर. पाणी २७ अंश, सहा मीटरपर्यंत दिसत होतं. प्रवाह नाही. उजवा कान ४ मीटरला अडला, थोडं वर येऊन मोकळा झाला. गोबरा, शेवंड, एक वागळं.’ एवढंच. (बार हे दाबाचं माप. सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते त्यावरून कळतं.) लिहायला पाच मिनिटं लागतात, पण यातल्या जवळजवळ प्रत्येक आकड्यावर पुढच्या डाइव्हचा एकेक निर्णय उभा असतो.

वजन

वजनाची नोंद बरेच जण ठेवतात, पण नुसतं ‘६ किलो’ लिहिण्यात फारसा अर्थ नाही. कशाबरोबर सहा किलो, ते लिहायला हवं. वेटसूटचं रबर तरंगतं. सूट जितका जाड आणि नवा, तितकं जास्त. स्टीलचा सिलिंडर अॅल्युमिनियमपेक्षा बुडायला मदत करतो. आणि पाणी गोडं की खारं, यावर तर खूपच अवलंबून असतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. सगळ्या सामानासकट डायव्हरचा भार ९० किलोच्या आसपास धरला, तर त्याचे अडीच टक्के म्हणजे सव्वादोन किलो. नाशिकच्या तरणतलावात चार किलोवर छान तोल साधला म्हणून मालवणला तेवढंच मागितलं, तर माणूस खाली जातच नाही. म्हणून तलावातल्या सरावाची नोंदही ठेवावी, फक्त ‘गोडं पाणी’ असं ठळक लिहून.

दुसरी गोष्ट हवेच्या वजनाची. हवेलाही वजन असतं. ११ लिटरच्या सिलिंडरमधली हवा २०० बारवरून ५० वर आली की सुमारे दोन किलो भार कमी झालेला असतो. त्यामुळे सुरुवातीला व्यवस्थित वाटलेलं वजन शेवटी कमी पडू शकतं. आणि नेमकं तेव्हाच, वर येण्याआधी खबरदारी म्हणून, ५ मीटरवर तीन मिनिटं स्थिर थांबायचं असतं. वर ‘शेवटी ५ मीटरवर थांबताना बरोबर’ असा शेरा आहे तो यासाठी. सबंध पानातला सगळ्यात कामाचा शेरा मला हाच वाटतो. तो ‘थोडं जास्त’ किंवा ‘तरंगत होते’ असा असेल, तर पुढच्या वेळी किलो-अर्धा किलो इकडे-तिकडे करायचा. अशा तीन-चार नोंदी झाल्या की आपला आकडा पक्का होतो. आणि वजन नेमकं असलं की तोल सांभाळायला घातलेल्या जॅकेटमध्ये सारखी हवा भरावी-सोडावी लागत नाही, दम कमी लागतो, प्रवाळावर पाय आपटत नाहीत.

हवा

सगळ्यांना सिलिंडर सारखाच मिळतो, मग एकाची हवा तीस मिनिटांत संपते आणि दुसऱ्याची पन्नास मिनिटं पुरते, असं का होतं? एक कारण खोली. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. जमिनीवर १ बार, १० मीटरला २, २० मीटरला ३, ३० मीटरला ४. रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून आपण सिलिंडरची हवा घेतो ते यंत्र, आपल्याला भोवतालच्या दाबाएवढ्याच दाबाची हवा देतो, म्हणून १० मीटरवर एकेका श्वासाला दुप्पट हवा खर्च होते. दुसरं कारण माणूस. अंगकाठी, पाय मारण्याची पद्धत, थंडी, घाबरलेपणा, प्रवाह.

लॉग असेल तर खोलीचा हिशोब वजा करून फक्त माणसाचा आकडा काढता येतो. वरच्याच पानावरून करून बघू. २०० वजा ७० म्हणजे १३० बार वापरले. सिलिंडर ११.१ लिटरचा, म्हणून १३० गुणिले ११.१, म्हणजे १४४३ लिटर हवा. ती ४० मिनिटांत वापरली, म्हणजे मिनिटाला सुमारे ३६ लिटर. सरासरी खोली १० मीटर, तिथे दाब २ बार. ३६ भागिले २, म्हणजे १८. जमिनीवरच्या दाबाला मिनिटाला १८ लिटर, हा या डाइव्हचा माझा दर. डायव्हर लोक याला सॅक रेट म्हणतात.

आता हा आकडा पुढे वापरायचा. उद्या सरासरी १६ मीटरवर जायचंय. तिथे दाब २.६ बार. १८ गुणिले २.६ म्हणजे मिनिटाला ४७ लिटर. पुन्हा ७० बार शिल्लक ठेवून वर यायचं, तर तेच १४४३ लिटर हाताशी आहेत. १४४३ भागिले ४७, म्हणजे तीस मिनिटं. पाण्यात उतरण्याआधीच कळलं की इथे चाळीस मिनिटांचा विषय नाही.

आणि प्रवाह असेल तर? लॉगची खरी ताकद इथे दिसते. वहीत मागे जाऊन ‘प्रवाह होता’ असा शेरा असलेली पानं बघायची. समजा तिथे दर २४ निघतो. मग १६ मीटरवर मिनिटाला ६२ लिटर लागणार आणि त्याच हवेत जेमतेम २३ मिनिटं मिळणार. मनाशी ‘माझी हवा चाळीस मिनिटं पुरते’ असं धरून चालणारा माणूस इथे फसतो. नव्या डायव्हरचा दर पहिल्या काही डाइव्हमध्ये चढा असतो आणि सरावाने उतरतो. तो उतरताना आकड्यांत बघणं फार आनंदाचं असतं. पण दर मुद्दाम कमी करायला श्वास रोखू नये. दाबाखाली श्वास रोखून वर येणं फुप्फुसाला जीवघेणं ठरू शकतं.

वेळ, नायट्रोजन आणि घाट

खोली आणि वेळ या दोन रकान्यांचं महत्त्व कळायला थोडं नायट्रोजनबद्दल बोलावं लागेल. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो आपल्या शरीरात येऊन-जाऊन समतोलात असतो. पाण्याखाली दाब वाढतो तसा तो रक्तात आणि पेशींत जास्त विरघळायला लागतो. खोली जितकी जास्त आणि वेळ जितका जास्त, तितका साठा जास्त. हळूहळू वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आलं किंवा साठा फार झाला, तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखणं, हातापायांना मुंग्या, त्वचेवर चट्टे, अवाजवी थकवा, क्वचित लकवा, हे सगळं त्यातून होऊ शकतं. याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये यावर पहिली भरवशाची कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं असं, की शरीरातले सगळे भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत-सोडत नाहीत. काही भाग पाच मिनिटांत निम्मे भरतात, काहींना ७५ मिनिटं लागतात. त्यांनी असे पाच गट धरले. पुढे स्वित्झर्लंडच्या ब्यूलमन यांनी १६ गटांचं गणित मांडलं आणि आज अनेक डाइव्ह कॉम्प्युटर त्यावरच चालतात. त्या गणितातल्या सगळ्यात मंद गटाला निम्मं रिकामं व्हायला ६३५ मिनिटं, म्हणजे साडेदहा तास लागतात. याचाच अर्थ बोटीवर चहा पिऊन झाला तरी सकाळच्या डाइव्हचा नायट्रोजन आपल्या अंगात असतो आणि दुपारच्या डाइव्हची मर्यादा त्यामुळे कमी होते. पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कोष्टकात पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटांची मर्यादा आहे. दुसऱ्या डाइव्हला ती किती, हे ठरतं पहिलीची खोली, तिचा वेळ आणि मधली विश्रांती यांवर. तिन्ही आकडे लॉगमधले.

आता आपल्या खास अडचणीकडे येते. डाइव्हनंतर विमानात बसू नये, हे सगळे शिकवतात. विमान उंच गेलं की भोवतालचा दाब कमी होतो आणि उरलेल्या नायट्रोजनला बुडबुडे व्हायला वाव मिळतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, या संस्थेचा सल्ला असा, की एकच साधी डाइव्ह असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह असतील तर किमान १८ तास, आणि वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागलेल्या डाइव्ह असतील तर त्याहून बराच जास्त वेळ थांबावं. पण हा सल्ला ज्या उंचीसाठी आहे ती २००० फुटांपासून, म्हणजे सुमारे ६०० मीटरपासून सुरू होते. आणि नाशिक, इगतपुरी, कोल्हापूरच्या वाटेवरचे घाटमाथे, सगळे याच उंचीच्या अल्याड-पल्याड आहेत. समुद्रसपाटीपेक्षा इथे हवेचा दाब सुमारे सात टक्के कमी असतो. म्हणजे आपल्याला विमानात बसायची गरजच नाही, आपलं घरच घाटावर आहे.

सकाळी अकराला मालवणला पाण्याबाहेर आलो, कपडे बदलले, गाडी काढली आणि फोंडा किंवा करूळ घाटाने कोल्हापूरकडे निघालो, तर जेवणाच्या वेळेला आपण घाटमाथ्यावर असतो. तेच मुंबई-गोवा महामार्गाने किंवा कोकण रेल्वेने आलो, तर कसाऱ्यापर्यंतचा बहुतेक प्रवास खालच्या उंचीवरून होतो आणि घाट लागेपर्यंत शरीराला बरेच तास मिळतात. ६०० मीटर ही उंची फार नाही, आणि एखाद्या उथळ डाइव्हनंतर धोकाही मोठा नाही. अमेरिकन नौदलाच्या नियमावलीत तर उंची आणि शिल्लक नायट्रोजन बघून किती थांबायचं याचं वेगळं कोष्टकच आहे. पण तीन दिवस रोज दोन-दोन डाइव्ह केलेल्या, दमलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या माणसाने काठावर खेळू नये असं माझं ठाम मत आहे. मी विमानाचाच नियम घाटाला लावते. शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी उरकायची आणि पाण्याबाहेर आल्याची वेळ लॉगमध्ये मिनिटासकट लिहायची.

द्राक्ष निर्यात करणाऱ्या बागायतदाराला हे चटकन कळेल. शेवटची फवारणी कोणती आणि कोणत्या तारखेला केली, त्यावरून माल कधी उतरवायचा ते ठरतं, आणि ती तारीख वहीत नसेल तर नुसत्या आठवणीवर कुणी कंटेनर भरत नाही.

घरी आल्यावर एखादा सांधा दुखायला लागला किंवा मुंग्या आल्या, तर हेच पान डॉक्टरांपुढे ठेवायचं. या आजाराची लक्षणं बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत दिसतात, म्हणजे नेमकी आपण परतीच्या वाटेवर किंवा घरी असताना. समुद्रापासून दूर काम करणाऱ्या डॉक्टरांनी असा रुग्ण कदाचित कधीच पाहिलेला नसेल आणि प्रवासाचा शीण म्हणून ते सोडून देणं अगदी शक्य आहे. किती खोल, किती वेळ, किती डाइव्ह, मधे किती विश्रांती, वर येण्याचा वेग कसा होता, कधी बाहेर आलो, घाट कधी चढलो, त्रास कधी सुरू झाला, हे लिहिलेलं असेल तर डॉक्टर शुद्ध ऑक्सिजन ताबडतोब सुरू करू शकतात आणि दाबकक्षाच्या उपचारांसाठी योग्य ठिकाणी फोन करू शकतात. मुंबईला कुलाब्यात नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांना डायव्हरच्या आजारांचा जुना अनुभव आहे.

कॉम्प्युटर असताना वही कशाला?

मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली टिपतो. त्याचा आलेख वहीतल्या दोन आकड्यांपेक्षा कितीतरी बोलका असतो. कुठे वेगाने वर आलो, कुठे वर-खाली झालो, सगळं दिसतं. तो जरूर वापरावा. पण आपल्यापैकी अनेक जण तो भाड्याने घेतात, आणि सहल संपली की तो डाइव्ह सेंटरला परत जातो. त्यातली आपली नोंद पुढच्या माणसाच्या नोंदींखाली दबते आणि मेमरी भरली की पुसली जाते. याहून गंभीर म्हणजे सकाळी एक कॉम्प्युटर आणि दुपारी दुसरा मिळाला, तर दुसऱ्याला आपल्या सकाळच्या डाइव्हचा पत्ताच नसतो. तो आपल्याला ताजातवाना समजून वेळ देतो. म्हणून पूर्ण सहलीसाठी एकच कॉम्प्युटर मागून घ्यावा आणि आकडे त्याच संध्याकाळी वहीत उतरवावेत.

स्वतःचा कॉम्प्युटर असेल तर नोंदी लॅपटॉपवर उतरवून ठेवाव्यात. सबसरफेस नावाचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः डायव्हर आहेत, त्यांनी ते २०११ मध्ये सुरू केलं. अनेक कंपन्यांच्या कॉम्प्युटरमधला डेटा ते वाचतं, मोबाइलवरही चालतं. सिलिंडरचे आकडे भरले की सॅक रेट तेच काढून देतं. पण वजन बरोबर होतं का, कान अडला का, मन कशाने बावरलं, हे कुठलंही यंत्र टिपत नाही. ते आपणच लिहायचं, आणि त्याच दिवशी. रात्री सुरमई खाऊन झोपलं की सकाळी दोन डाइव्ह एकमेकींत मिसळलेल्या असतात.

कानाबद्दल थोडं. प्रमाणात बघितलं तर दाबाचा सगळ्यात मोठा बदल पहिल्या दहा मीटरमध्ये होतो, तिथे हवेचं आकारमान थेट निम्मं होतं. म्हणून कान दुखतो तो बहुधा उतरतानाच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची कडाक्याची थंडी आणि सर्दी घेऊन कोकणात उतरणाऱ्यांनी ही नोंद विशेष ठेवावी. कोणता कान, किती मीटरवर, सर्दी होती का, कुठलं औषध घेतलं होतं. एकच कान वारंवार अडत असेल तर ते पान घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. नायट्रॉक्स, म्हणजे जादा ऑक्सिजन असलेली हवा, वापरणाऱ्यांनी ऑक्सिजनचं प्रमाण स्वतः मोजून तोच आकडा लिहावा, सिलिंडरवरच्या पट्टीवरचा नको. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला ३३ मीटरच्या आसपासची मर्यादा येते, इथे अंदाज चालत नाही.

आणि मासे. काही लोकांना हा रकाना हौसेचा वाटतो, मला तो वहीचा जीव वाटतो. मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग १९८७ मध्ये जाहीर झाला, २९ चौरस किलोमीटरचा. तिथे एकाच खडकावर वर्षानुवर्षं जाणाऱ्याने काय दिसलं हे लिहिलं, तर बदल डोळ्यांसमोर येतो. एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळ पांढरं पडण्याची जगभरातली चौथी मोठी घटना जाहीर झाली. अशा वेळी ‘याच जागी मागच्या फेब्रुवारीत रंग होते’ असं कुणाकडे तारखेसह लिहिलेलं असणं मोलाचं आहे. नावं येत नसतील तर बोटीवरच्या तांडेलाला विचारावं. तो मालवणी नाव सांगतो, तेच लिहावं.

डाइव्ह सेंटरवर गेलं की कार्डाबरोबर वहीही बघतात. शेवटची डाइव्ह कधी झाली, किती खोल, कुठे. बराच खंड पडला असेल तर आधी उजळणी घ्यायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. पुढचे कोर्सही नोंदींवर चालतात. पॅडीच्या डाइव्हमास्टर कोर्सला सुरुवातीला ४० आणि प्रमाणपत्रासाठी ६० डाइव्हची नोंद लागते. बडीची सही किंवा सेंटरचा शिक्का घेतात तो यासाठी. सही मागायला संकोच वाटू देऊ नये. आपणही बडीच्या वहीत सही करताना त्याचे आकडे आपल्या आकड्यांशी ताडून बघावेत. दोघांची वेळ किंवा खोली जुळत नसेल तर ते बोटीवरच कळलेलं बरं.

ऑक्टोबरच्या सहलीचं बुकिंग करताना मागच्या हंगामातली शेवटची तीन-चार पानं वाचायची आणि त्यातून सेंटरला चार ओळी पाठवायच्या: शेवटची डाइव्ह फेब्रुवारीत, १४ मीटर. ३ मिलिमीटरच्या सूटवर समुद्रात ६ किलो. उजवा कान हळू उतरतो, पहिली डाइव्ह उथळ ठेवा. सोमवारी पहाटे घाटाने निघणार, रविवारी दुपारनंतर पाण्यात जाणार नाही.